नाव पोस्टाने येईल

मुफद्दलच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, हे सी तुहामींना अधूनमधून आठवे, आणि आठवे ते नेमके उत्तर लिहिणे शक्य नसे अशा वेळी. न्हाव्यापुढे मान वाकवून बसल्यावर, दाताच्या दवाखान्यात तोंड उघडे ठेवल्यावर, किंवा शुक्रवारच्या नमाजात कपाळ चटईला टेकल्यावर. त्या क्षणी उत्तराचे पहिले वाक्यसुद्धा सुचे, आणि ते चांगले असे. पण घरी येऊन पेनाचे टोपण काढेपर्यंत ते उन्हात राहिलेल्या दुधासारखे नासून जाई. पत्र तसे चार ओळींचे होते. वडील गेले, भाऊ फ्रान्सला गेले, घर मी विकणार नाही, वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना देणार आहे, असे मुफद्दलने फेझहून लिहिले होते. ‘परदेशी लोकांना आपल्या असल्या घरांत झोपायला आवडतं, का ते मला कळत नाही. दारावर पाटी लावायची तर नाव हवं. आपल्या गल्लीत पुस्तकं वाचलेला तू एकटाच. एक नाव पाठव. घाई नाही.’ सगळा घोटाळा या शेवटच्या दोन शब्दांनी केला. ज्याला ‘घाई नाही’ असे सांगितले आहे त्याने घाईघाईने उत्तर देणे म्हणजे मित्राच्या मोठेपणाचा अपमान, असे तुहामींना वाटले. त्यांनी सावकाश नाव शोधायला घेतले. जुन्या अंदलुसी कवींची दिवाने, म्हणजे कवितासंग्रह, उलटली, बागांची, चांदण्यांची, पाण्याची नावे काढली. एक फार फुलोऱ्याचे वाटले, एक हकिमाच्या दुकानाला शोभेलसे, तर एक दुसऱ्या कुणाच्या घरावर आधीच लागलेले निघाले. वर्ष गेले. आता नुसते नाव पाठवून भागणार नव्हते, उशिराबद्दल दोन शब्द लिहिणे आले. दोन वर्षांनी दोन शब्द पुरेनात. पाच वर्षांनी दिलगिरीच चार पानांची झाली आणि नाव तिच्या शेपटाला लोंबू लागले, तेव्हा कुणीही भला माणूस करील तेच त्यांनी केले. उद्या लिहू म्हणून पत्र खणात ठेवले आणि खण नीट लावून घेतला.

तो खण कासाब्लांकातल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात होता, आणि त्या शुक्रवारी दुपारी, कुसकुस जेवून सगळे सुस्तावलेले असताना, त्यांची मुलगी लुबना त्याच खणाला पाठ टेकून मांडीवर फोन घेऊन बसली होती. आईबाबांना फेझला तीन रात्री पाठवायचे तिने ठरवले होते. तेही जुन्या शहरात, जुन्या घरात, पाहुणे म्हणून. आता फेझमध्ये जन्मलेल्या दोन माणसांनी फेझमध्ये पैसे देऊन झोपायचे, हीच मुळात तोंड लपवण्यासारखी गोष्ट. त्यांची बायको लल्ला बतूल, तिची मावसबहीण सफिया तिथे नव्या वस्तीत राहत होती. तिला कळले असते तर मेल्या माणसाच्या चाळिसाव्यालाही ती बोलायला आली नसती.

“सफियामावशीला काय सांगायचं?” लुबनाने विचारले.

“काही सांगायचं नाही,” बतूल म्हणाली. “तिच्या घरी गेलं की पहिल्या दिवशी मी पाहुणी. दुसऱ्या दिवशी म्हणते, बतूल, तुझ्या हातची लिंबं काय मुरतात गं. झालं. तीन दिवस मी लिंबं चिरायची. मला एकदा, मरायच्या आधी एकदा, अशा घरी झोपायचंय जिथे सकाळी चहा करायला दुसरंच कुणी उठेल.”

शाळेची पुस्तके छापणाऱ्या एका छापखान्यात तुहामींनी जन्मभर मुद्रिते तपासली होती. न बोलता नापसंती दाखवण्याची सवय त्या धंद्यात लागते, समासात एक बारीक रेघ ओढली की काम होते. लुबना वाचत होती आणि ते मनात रेघा ओढत होते. फोनवर ज्याने त्याने आपल्या घराला रियाद म्हटले होते. रियाद म्हणजे मधोमध बाग असलेले घर. इथे एका कुंडीत एक लिंबाचे रोप ठेवून लोक खुशाल रियाद म्हणवीत होते, एकाने तर प्लास्टिकचे केळीचे झाड उभे केले होते. तुहामींची बोटे मांडीवर पेन्सिल चाचपू लागली. पहिल्या घरात अंगणात कारंज्याच्या जागी पोहायचा हौद होता. बतूल म्हणाली, “म्हणजे खाली बायका न्हाणार आणि वरच्या तीन मजल्यांवरचे लोक चहा पीत बघणार? आणि याला पारंपरिक म्हणायचं?” दुसरे घर बरे दिसत होते, पण त्याची मालकीण फ्रेंच होती आणि तिची सात मांजरे पाहुण्यांच्या पलंगावर येऊन झोपतात, असे एकाने कौतुकाने लिहिले होते.

“आणि या तिसऱ्याला तर नावच नाही,” लुबना म्हणाली. “खरंच. ‘बिननावाचं घर’, असंच लिहिलंय. तीन खोल्या. ही बेल्जियमची बाई काय म्हणते बघा हं. ‘मालक वयस्कर आहेत, फार गोड. रोज सकाळी अंगणात बसून प्रत्येक पाहुण्याला विचारतात, या घराला काय नाव द्यावं. आम्ही पुष्कळ सुचवली. ते हसले, आमचे पेले भरले आणि म्हणाले, खरं नाव पोस्टाने येणार आहे.’” ती हसली. “बिचारा. जरासा सरकलेला दिसतोय.”

तुहामींच्या हातात चहाचा पेला होता. तो त्यांनी तबकात ठेवला असे त्यांना वाटले, पण तबक बीतभर पलीकडे होते. बतूलने फडके आणले, लुबनाने फोन उंच धरला, “काही भाजलं का?” “नाही,” “मग असे पांढरे का पडलात?” “कुसकुस जास्त झालं,” असे सगळे झाले, आणि त्या गडबडीत फोनवरचे चित्र त्यांच्या नाकासमोर आले. अंगण. कडू संत्र्याचे झाड. आणि झाडापाशी फरशीत बसवलेली काळ्यापांढऱ्या तुकड्यांची चांदणी, तिच्या एका टोकाला काळ्याच्या जागी हिरवा तुकडा. चित्रात तो तिळाएवढा होता. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. तुहामींना मात्र पानभर मजकुरातली एकच चूक दिसावी तसा तो आधी दिसला आणि बाकीचे घर त्याच्या मागून आले.

“हे नको,” ते म्हणाले.

मायलेकींनी त्यांच्याकडे पाहिले. इतक्या वेळात त्यांचे हे पहिलेच मत होते.

“नाव नाही म्हणजे परवानाही नसेल. हमालाला काय सांगायचं, कुठे ने म्हणून? आणि जिने. त्या भागातल्या घरांचे जिने फार उंच असतात.”

“कुठल्या भागातल्या?” लुबना म्हणाली. “मी अजून भाग सांगितलाच नाही.”

“सगळ्याच भागांतल्या.”

“त्यापेक्षा ती मांजरं बरी म्हणता?”

“मांजर हा स्वच्छ प्राणी आहे,” तुहामी म्हणाले. मांजर शेजारच्या गच्चीत आले तरी त्यांना शिंका येत. बतूलने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. मग फोन मुलीला परत देत ती म्हणाली, “हेच घे.” लग्न नवे असताना ती त्या घरी एकदा, एकाच दुपारी जेवायला गेली होती. तिला काय आठवणार, अशी तुहामींनी स्वतःची समजूत घातली. लुबनाने आपल्या नवऱ्याच्या आडनावावर खोली घेऊन टाकली. परके आडनाव. तेवढाच आडोसा.

त्यानंतरच्या दिवसांत ते रोज सकाळी टेबलाशी बसले. आता तर उत्तर जायलाच हवे होते. पत्र आपल्या आधी पोचले तर सगळे सरळ होणार होते. मुफद्दल दारात उभा राहील, म्हणेल, आलं रे बाबा तुझं पत्र, आणि आपण नुसती मान खाली घालू. पण पहिले वाक्य. ‘तुझे पत्र मिळाले’ असे लिहावे तर इतक्या वर्षांनी ते चावट वाटत होते. ‘तुझे पत्र मिळालेच नाही’ असे लिहावे, तर न मिळालेल्या पत्राला उत्तर कसे? ‘तब्येत बरी नव्हती’ हे खरे होते, पण त्यातले पंधरा दिवसच खरे होते. त्यांनी एकदा चांगला पानभर मजकूर लिहिला. मग तपासायला घेतला, दोन शब्द खोडले, एक वाक्य वर नेले, एक खाली आणले, आणि शेवटी पाहिले तर पानावर त्यांच्या खुणाच तेवढ्या राहिल्या होत्या, मजकूर कुठेच नव्हता. आपण आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये सुधारली, आपल्याजवळ स्वतःचे एक तरी वाक्य आहे का, हा जुना प्रश्न अशा वेळी हटकून येई. आपल्या हुशारीबद्दल गल्लीत जे बोलले जाई, त्यावर त्यांचा स्वतःचा कधीच विश्वास बसला नव्हता. पुस्तके वाचलेला माणूस आणि पुस्तकांआड लपलेला माणूस लांबून सारखेच दिसतात. मुफद्दलने नाव मागितले तेव्हा हेच उघडे पडेल, अशी भीती तर वाटली नव्हती ना? की नाव पाठवले आणि ते साधेच निघाले तर? मग एका सकाळी त्यांच्या लक्षात आले, की आता पत्र टाकले तरी ते आपल्या मागून पोचेल. त्यांना एकदम इतके हलके वाटले की त्यांनी दोन अंडी खाल्ली. दुपारपर्यंत त्या हलकेपणाचीच लाज वाटू लागली, आणि अंडीही बाधली.

निघताना त्यांनी मोतीबिंदूच्या वेळी मिळालेला काळा चष्मा घातला आणि जावयाची, काठ असलेली गवती टोपी डोक्यावर चढवली.

“हे काय?” बतूल म्हणाली. “दरोडा घालायला चाललोय का आपण?”

“ऊन फार आहे.”

“गाडीत?”

गाडीत ते चष्म्याआडून बाहेर बघत राहिले. मकनास मागे पडले, जैतुनाची झाडे ओळीने उलटी पळू लागली, आणि त्यांच्या डोक्यात एक पितळी बत्ता पडला. दरवेळी तो असाच, आवाजासकट पडे. ते आणि मुफद्दल अंगणात बसून बत्त्याने अक्रोड फोडत होते. घरात कुणी नव्हते. तुहामींचा नेम चुकला, बत्ता हातून निसटला आणि चांदणीचे एक टोक फुटले. मुफद्दलचे वडील जल्लाब्याच्या, म्हणजे पायघोळ अंगरख्याच्या, रेशमी गुंड्यांचे व्यापारी. मोठा मानी माणूस, आवाज न चढवता रागावणारा. दोघे धावत फरशीवाल्यांच्या मोहल्ल्यात गेले. काळा तुकडा कुणी देईना. एका म्हाताऱ्याने हाकलून देण्यासाठी म्हणून एक हिरवा तुकडा फेकला, तो यांनी उचलला. कणकेत चुना कालवून तो बसवला. वडील संध्याकाळी आले, त्यावरून चालत गेले, आणि मग मरेपर्यंत रोज त्यावरून चालत राहिले. त्यांना दिसला नाही, की दिसूनही ते बोलले नाहीत, हे कधीच कळले नाही. मुफद्दलनेही कुणाचे नाव सांगितले नाही. तुहामी मात्र त्यानंतर कुठल्याही जमिनीवर पाय टाकताना आधी बघून घेत. छापखान्यात सगळे म्हणत, या माणसाला चुकीचा वास येतो. वास कसला, एक हिरवा तुकडाच ते हयातभर पानापानांवर शोधत होते, आणि जो सापडे तो त्यांचा नसे.

फेझला वेशीपासून हमालाने हातगाडीवर सामान घेतले. गल्ल्या तशाच होत्या. उतार पायांना आठवत होता. गॅसच्या टाक्या लादलेले खेचर मागून आले, “बालाक, बालाक” ओरडत त्याच्या धन्याने सगळ्यांना भिंतीला चिकटवले, आणि तुहामी भिंतीला चिकटले ते खेचर गेल्यावरही तसेच राहिले. “चला,” बतूल म्हणाली. “भिंत पडत नाहीये.” गल्लीच्या तोंडाशी त्यांनी हमालाला मोठ्याने विचारले, घर नेमके कुठले हो? हमालाने हनुवटीने दाखवले. दार तेच. दाराच्या वर पितळी खिळ्यांनी ठोकलेली एक देवदाराची पाटी होती, तेल लावून चकचकीत ठेवलेली. तिच्यावर काहीच लिहिलेले नव्हते. तुहामींनी पुष्कळ कोरी पाने पाहिली होती, पण कोरी राहून इतके बोलणारे पान पहिल्यांदाच पाहिले. एवढ्यात दार उघडले आणि मुफद्दल समोर आला. बुटका झाला होता. की तो आधीपासून बुटका होता आणि आपणच त्याला इतकी वर्षे उंच करत आणले होते?

“या, महाशय,” मुफद्दल म्हणाला. “या, मादाम. वाट सापडायला त्रास तर नाही झाला?”

महाशय. तुहामींनी चष्म्याच्या काचेआडून त्याचे डोळे तपासले. त्यात काही नव्हते, एका चांगल्या यजमानाच्या डोळ्यांत असते तेवढेच होते. त्याने स्वतः बॅग उचलली, जिन्यावर पायरी जपा म्हणाला, खोली दाखवली, गरम पाणी कुठल्या नळाला येते ते दाखवले. जाताना दारात थांबून म्हणाला, “मी सगळ्याच पाहुण्यांना एक विनंती करतो. या घराला नाव नाही. काही सुचलं तर सांगा. घाई नाही.”

त्या रात्री तुहामींना झोप आली नाही, ती या दोन शब्दांमुळे. ओळखले की नाही? नसेल ओळखले तर ते बरेच. पण ज्याच्याबरोबर आपण अक्रोड फोडले त्याने आपल्याला एका चष्म्याने आणि टोपीने विसरावे, हे काही बरे वाटेना. आणि ओळखले असेल तर तो हे मुद्दाम करतो आहे, आणि ते तर त्याहून वाईट. सकाळपर्यंत त्यांनी दोन्ही बाजू इतक्या वेळा तपासल्या की दोन्हींवर त्यांचा विश्वास उरला नाही. खाली अंगणात न्याहारी मांडली होती: घडीच्या पोळ्या, मध, काळे जैतून, वाफाळणारा बिसारा म्हणजे घेवड्याचे दाट सूप, त्यावर तेलाची धार. बतूल पाय लांब करून बसली होती आणि मुफद्दलची सून तिच्यापुढे पेला ठेवत होती. बतूलच्या तोंडावर असे काही सुख होते की तुहामींनी तिकडे बघणे टाळले. परक्याच्या पत्रात डोकावल्यासारखे वाटले. त्यांनी खुर्ची निवडताना ती बरोबर चांदणीवर येईल अशी निवडली आणि हिरव्या तुकड्यावर पाय ठेवला.

“महाशय कासाब्लांकाचे?” मुफद्दलने उंचावरून चहाची धार पेल्यात सोडत विचारले. “फेझला पूर्वी कधी येणं झालं होतं?”

“लहानपणी.”

“हो का? मग ओळखीचंही असेल कुणी.”

“होता एक मित्र.”

“काय करतो?”

“कल्पना नाही.”

“पत्रबित्र?”

“आलं होतं त्याचं,” तुहामी म्हणाले, आणि पोळीचा तुकडा घशात अडकला.

“चांगला मित्र दिसतोय,” मुफद्दल म्हणाला. “मध घ्या ना. आमच्याकडे घशाला मधच देतात.”

पाहुणचार आणि टोचणी दोन्ही एकाच चमच्यात कशी मावली होती हे त्यांना शोधता येईना. दुपारी ते गच्चीवर गेले. सगळे शहर कातड्याच्या रंगाचे, पाखरांनी आणि टीव्हीच्या तबकड्यांनी भरलेले. खाली कुठे तरी भट्टीत पाव जात होते, त्याचा वास वर येत होता. इथेच वाकून लहानपणी ते आणि मुफद्दल शेजारच्या अंगणात संत्र्याच्या साली टाकत. बतूल सुकत घातलेल्या चादरींच्या सावलीत बसली होती. तुहामी तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी एका दमात सगळे सांगून टाकले: पत्र, खण, दिवाने, दिलगिरी, हा माणूस म्हणजे तोच मुफद्दल. बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मला फोनवरच कळलं होतं,” बतूल म्हणाली.

“तुला? कसं?”

“त्या फरशीवर मी जेवायला बसले होते. हिरव्या तुकड्यावर तुमची नजर खिळली होती. नवी नवरी समोर बसलीये आणि हा माणूस फरशी बघतोय, म्हटलं आपलं नशीब. ते मी विसरेन होय?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलायचं? तुम्ही मित्र निघालात की मी कोण? मित्राची बायको. मग त्या सुनेबरोबर मी आत्ता खाली वाटाणे सोलत असते. आणि ती म्हणाली असती, लल्ला, तुमच्या हातची लिंबं...” तिने डोळे मिटून घेतले. “हे बघा, सी तुहामी. इतकी वर्षं गप्प बसलात. आणखी दोन दिवस बसा. माझ्यासाठी.”

एवढी सोपी गोष्ट त्यांच्याकडे आजवर कुणी मागितली नव्हती, आणि एवढी अवघडही. जिन्यात, अंगणात, न्हाणीघराच्या वाटेवर, जिथे जिथे मुफद्दल भेटला तिथे त्यांच्या ओठांवर येऊन कबुली परत फिरली. आजवर ती भित्रेपणाने परत फिरत होती, आता कर्तव्य म्हणून फिरत होती. आतून दोन्ही अगदी सारखेच लागते, हा शोध काही सुखाचा नव्हता. जेवताना मुफद्दल एका डच जोडप्याला सांगत होता, “पोस्ट जरा हळू आहे आमची. पण येईल.” डच माणूस सहानुभूतीने म्हणाला, त्यांच्याकडेही तसेच आहे.

निघायच्या सकाळी बतूलने शेवटचा पेला सावकाश, तळाच्या पुदिन्यापर्यंत प्यायला, तोंड पुसले आणि नवऱ्याकडे पाहून हलकेच मान हलवली. परवानगी मिळाली होती. मुफद्दल आला, नेहमीसारखा हात बांधून उभा राहिला. “मग महाशय? काही सुचलं?”

“मुफद्दल,” तुहामी म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. “मुफद्दल, तुझं ते पत्र...”

मुफद्दलने हात वर केला. “चष्मा काढ आधी. डोळ्यांना काही झालेलं नाही तुझ्या.”

तुहामींनी चष्मा काढला. उजेड एकदम आत आला, संत्र्याच्या झाडासकट.

“तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“अरे, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून घर कुठलं म्हणून ओरडलास. तुझ्या आवाजात गेल्या साठ वर्षांत फक्त खोकला वाढलाय.”

“मग बोलला का नाहीस?”

“पाहुण्याला तीन दिवस त्याचं नाव विचारायचं नाही. आपल्या थोरल्यांची रीत. तू मला नाव दिलं नाहीस, मी तुला विचारलं नाही. फिटंफाट.” तो हसत होता, पण पेला उचलताना चहा तबकात सांडला. “आधी वाटायचं, मेलास. मग कुणीतरी तुला तिकडे भाजी घेताना पाहिलं. मग वाटायला लागलं की त्यापेक्षा...” त्याने वाक्य तिथेच सोडले. तुहामींना त्या वाक्याचा शेवट माहीत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादे अर्धे वाक्य पुरे करावे असे त्यांना वाटले नाही.

“मी सांगतो,” ते म्हणाले. “ऐक, मी आत्ताच तुला...”

“तोंडी नको.” मुफद्दलने दोन्ही कान हातांनी झाकले. “अजिबात नको. पत्राला उत्तर पत्राने. अर्ध्या युरोपला मी सांगून बसलोय की नाव पोस्टाने येणार आहे. मला खोट्यात पाडतोस? कागद घे. लिही. मी बघत नाही.”

आणि तो खरोखरच वळून झाडाकडे तोंड करून बसला. सुनेने कागद, पाकीट, पेन आणून दिले. पेन एका टूथपेस्टची जाहिरात करणारे होते. तुहामींनी टेबल ओढले. ते पहिल्या वाक्याची वाट पाहू लागले, आणि ते येईना. पण या वेळी समोर एक पाठ होती, जुन्या जल्लाब्यातली, जराशी वाकलेली, आणि ती उठून जात नव्हती. खुर्ची सरकवताना पायाखालचा तुकडा उघडा पडला. हिरवा. बाकीच्या काळ्या तुकड्यांना तडे गेले होते, हा धड होता. कणीक आणि चुना. अंदलुसच्या सगळ्या कवींनी मिळून त्यांना एवढी वर्षे अडवून धरले होते, ते एका बाजूला झाले. त्यांनी लिहिले: ‘मुफद्दल, भावा, तुझे पत्र मिळाले. बत्ता माझ्या हातून पडला होता, आणि तू कुणाला सांगितले नाहीस. दारावर लिही: हिरव्या तुकड्याचे घर. मला फार उशीर झाला. तुहामी.’ पाच ओळी, तपासायला हाताची बोटे आपोआप वर आली. त्यांनी ती बोटे दुसऱ्या हाताने धरून ठेवली आणि पाकिटाला डिंक लावला.

“झालं?” झाडाकडे बघत मुफद्दलने विचारले.

“झालं.”

“मोठं आहे का?”

“नाही.”

“एवढ्यासाठी इतकी वर्षं?”

“अरे, मोठी पत्रं आधी लिहून झाली ना,” तुहामी म्हणाले.

बटहा चौकातल्या पोस्टापर्यंत तिघे चालत गेले. तुहामी पाकीट जल्लाब्याच्या आत धरून होते, मुफद्दल शेजारून चालत होता आणि पत्ता दिसू नये म्हणून नाक वर करून बघत होता, जणू स्वतःचा पत्ता त्याला ठाऊकच नव्हता. तिकीट घेतले, चिकटवले. पोचायला किती दिवस लागतील, असे मुफद्दलने खिडकीतल्या माणसाला विचारले. तो म्हणाला, कुठे पाठवायचंय? मुफद्दल म्हणाला, वरच्या गल्लीत. त्या माणसाने तिघांकडे पाहिले, मग घड्याळाकडे, आणि म्हणाला, तीन-चार दिवस.

“तोवर तुम्ही इथेच,” मुफद्दल म्हणाला. “पत्र मी तुझ्यासमोर उघडणार. आणि आता भाडं नाही, आडनाव नाही. तीन दिवस पाहुणे झालात, आता घरचे.”

“संपलं,” लल्ला बतूल म्हणाली. तिने पर्स दुसऱ्या हातात घेतली आणि बाही कोपरापर्यंत सारली. “चला. त्या मुलीकडे मीठ आहे की वाटेत घ्यायचं? लिंबांना जाडं मीठ लागतं.”

पेटी पिवळी होती, तिच्या तोंडावरचा पत्रा झिजून पांढरा झाला होता. तुहामींनी पाकीट त्यात अर्धे सरकवले आणि थांबले. शेवटची ओळ. ‘मला फार उशीर झाला’. ‘फार’ हवा होता का? एकदा, फक्त एकदा उघडून पाहावे. मुफद्दलने पाठ फिरवली आणि तो चौकातल्या खेचरांकडे बघू लागला. ती पाठ पाहून तुहामींची बोटे सैल झाली, आणि आत, पेटीच्या तळाशी, पाकीट पडल्याचा आवाज आला.